पंधरा दिवस आधी कळलं, तर आपण काय करतो?

माझ्या मामांची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. खायच्या द्राक्षांपेक्षा बेदाण्याकडे त्यांचा कल जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत घड पिवळसर होऊ लागले, की घरातलं सगळं बोलणं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: उतरवायचे कधी? गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चढल्याशिवाय घड उतरवले तर बेदाणा हलका पडतो. उतरवले, की ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे. ऊन चांगलं आणि हवा कोरडी असेल तर बारा ते पंधरा दिवसांत माल तयार होतो. मधेच आभाळ आलं, हवा दमट झाली, तर वाळणं लांबतं, रंग काळपट होतो आणि सौद्यात दर निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. म्हणजे घड वेलीवरून सुटल्यापासून पंधरा दिवस हा माणूस आभाळाच्या हाती असतो.

आता त्यांच्या मोबाइलवर येणारा इशारा पाहा. 'येत्या २४ तासांत मेघगर्जनेसह पावसाची शक्यता, शेतमाल सुरक्षित ठिकाणी ठेवावा.' हा इशारा येतो तेव्हा सगळा माल रॅकवर असतो. तो हलवून ठेवायला दुसरी जागा नसते. शेडला चारी बाजूंनी कागद लावायचा, एवढंच हातात उरतं. घड उतरवायचे की आठवडाभर थांबायचं, हा खरा निर्णय दहा दिवसांपूर्वी होऊन गेलेला असतो. त्या वेळी त्यांच्याजवळ काय माहिती होती? शेजाऱ्याचं मत, यूट्यूबवरचा एक व्हिडिओ आणि पश्चिमेकडच्या वाऱ्याचा स्वतःचा अनुभव.

एवढं सांगून मी मुद्द्यावर येते. त्या दहा दिवसांपूर्वीच्या निर्णयाला उपयोगी पडेल असा अंदाज अस्तित्वात आहे. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज शब्दांत देतो आणि चार आठवड्यांपर्यंतचे नकाशे प्रसिद्ध करतो. कुठे तापमान सरासरीच्या वर राहील, कुठे उष्णतेच्या लाटेची शक्यता आहे, कुठल्या आठवड्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त होईल, हे त्यात असतं. या अंदाजाची पद्धत पुण्याच्या पाषाण परिसरातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, आयआयटीएममध्ये, विकसित झाली आणि २०१६ मध्ये ती रोजच्या वापरासाठी हवामान विभागाकडे सोपवली गेली. म्हणजे तासगावपासून चार-पाच तासांच्या अंतरावर तयार झालेलं हे ज्ञान आहे. तरीही महाराष्ट्राच्या सार्वजनिक व्यवहारात, म्हणजे शाळेच्या वेळापत्रकात, सभेच्या परवानगीत, तालुक्याच्या औषधसाठ्यात, शेतकऱ्याच्या काढणीत, या गुरुवारच्या अंदाजाला काहीही स्थान नाही. माझं म्हणणं आहे की ते असायला हवं. आणि ते लेखी, नियमाच्या रूपात असायला हवं.

हा अंदाज कसा होतो ते थोडं सांगायला हवं, नाहीतर त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात. रोजचा हवामान अंदाज आजच्या वातावरणाच्या स्थितीवरून पुढचे काही दिवस मोजत जातो. आजच्या मोजमापात बारीकशी चूक असली तरी ती दिवसागणिक वाढते आणि साधारण दोन आठवड्यांनी मूळ माहितीचा मागमूस उरत नाही, ही गोष्ट एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९६३ सालच्या कामापासून हवामानशास्त्राला ठाऊक आहे. मग दोन आठवड्यांच्या पलीकडचं काही सांगणार कसं? तर वातावरणात आणि समुद्रात काही गोष्टी संथ असतात. विषुववृत्ताच्या बाजूने ढगांचा एक अवाढव्य पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहतो आणि साधारण तीस ते साठ दिवसांत पृथ्वीची फेरी पुरी करतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये तो दाखवून दिला, म्हणून त्याला मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात, थोडक्यात एमजेओ. तो हिंद महासागरावर आहे की प्रशांत महासागराकडे गेला आहे, यावर आपल्याकडच्या ढगांचं आणि पावसाचं बरंच काही अवलंबून असतं. समुद्राचं तापमान संथपणे बदलतं. जमिनीतली ओल एकदा गेली की आठवडेच्या आठवडे परत येत नाही आणि कोरडी जमीन जास्त तापते. मध्य भारतावर उंचावरच्या हवेत जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं, की ते सहजी हलत नाही. या संथ गोष्टींच्या आधारावर संगणकावर एकच गणित, सुरुवातीची स्थिती जराजराशी बदलून, अनेकदा सोडवलं जातं. समजा वीस उत्तरांपैकी चौदा उत्तरं 'तिसऱ्या आठवड्यात विदर्भ तापेल' असं म्हणाली, तर त्या शक्यतेला वजन येतं. सहाच म्हणाली, तर कमी.

या पद्धतीला तापमान तुलनेने बरं सांगता येतं, पाऊस त्याहून कमी आणि गारपीट जवळजवळ नाहीच. उष्णतेची लाट म्हणजे हजार-हजार किलोमीटर पसरलेली, दिवसेंदिवस टिकणारी गोष्ट. गारांचा ढग दहा-वीस किलोमीटरचा असतो आणि तासाभरात सगळं उरकून निघून जातो. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. तो वारा पंधरा दिवस आधी कुणालाही सांगता आला नसता. (होर्डिंग किती मोठं आणि कसं बेकायदा आहे हे मात्र वर्षभर आधी सांगता येत होतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांत जी गारपीट झाली, तीत कुठल्या शिवारात कुठल्या दिवशी गारा पडतील हे कुठलाही विस्तारित अंदाज सांगू शकला नसता. पण पश्चिमेकडून येणारे झंझावात दक्षिणेपर्यंत खाली येताहेत, दोन्ही समुद्रांवरून बाष्प येतंय आणि ही स्थिती एका दिवसात निवळणारी नाही, एवढं या जातीच्या अंदाजातून कळू शकतं. 'गारा पडतील' आणि 'गारा पडाव्यात अशी हवा पंधरवडाभर राहील' या दोन वाक्यांतला फरक ज्याला समजला, त्याच्यासाठी दुसरं वाक्यही मोलाचं असतं.

आपल्याकडे वसंत हा शब्द कवितेत राहिला. फाल्गुन-चैत्राचे हे दिवस शेतीच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात उघडे दिवस असतात. रब्बीचं पीक शेतात उभं असतं किंवा खळ्यावर पडलेलं असतं. उन्हाळ कांदा काढणीला येतो. वसमत आणि हिंगोलीकडे हळद शिजवून अंगणात, शेतात, मोकळ्या खळ्यावर वाळत घातलेली असते आणि ती पुरती वाळायला दहा-पंधरा दिवस लागतात. कोकणात हापूस मोठा होत असतो. पारा एकदम चढला की फळ गळतं, भाजतं, आतून साका धरतो, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजासारखा होतो. घराघरांच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे असतात. मळ्यापासून माजघरापर्यंत सगळा महाराष्ट्र काहीतरी वाळवत असतो. आणि वाळवायला जो वेळ लागतो तो नेमका आठवडा ते तीन आठवडे, म्हणजे विस्तारित अंदाजाच्याच मापाचा. कांद्याचंच घ्या. काढणीच्या आधी दहा ते वीस दिवस पाणी तोडायचं असतं. पाणी कधी तोडायचं, हा प्रश्न म्हणजे पुढच्या पंधरा-वीस दिवसांच्या हवेवर लावलेली पैजच. उद्याच्या पावसाचा इशारा त्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

गव्हाची गोष्ट आठवून पाहा. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत, देशभरातल्या सरासरी कमाल तापमानाचा विचार केला तर, तोवरचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला. त्या महिन्यात देशातला पाऊस सरासरीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा नेमका भरत असताना उष्णता आली, दाणा आक्रसला, उतारा घटला. १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. दाणा भरण्याच्या काळात हलकं पाणी देऊन पिकाला थोडा आधार देता येतो, हे गव्हाचा प्रत्येक शेतकरी जाणतो; पण पाळीचं पाणी असो की विजेचा वेळ, दोन्ही दोन दिवसांत बदलत नाहीत. त्यांना आठवडे लागतात. सूचना जर आठवड्यांच्या मापाची नसेल, तर ती व्यवस्थेच्या कामाची नाही.

आणि मग माणसांची गोष्ट. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या शासकीय सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानावर बसले होते. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी त्या भागात पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. हवामान विभागाच्या निकषांप्रमाणे उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात चाळीस अंश आणि किनारपट्टीला सदतीस अंश हा किमान उंबरठा, त्यावर सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश वाढ लागते. पण घामाने भिजलेल्या अंगाला निकष कळत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि कित्येक तास सावलीविना बसलेल्या साठीच्या माणसाला अडतीस अंशही पुरतात.

त्या घटनेनंतर जबाबदारी कुणाची यावर खूप बोललं गेलं. मला त्यातला एक वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. एवढ्या मोठ्या सोहळ्याची तारीख, जागा, वेळ आठवडे आधी ठरते. मंडप, वाहनं, पाण्याचे टँकर, बंदोबस्त या सगळ्यांची आखणी पंधरा-वीस दिवस आधीपासून चालते. त्या आखणीच्या बैठकीत पोलिस असतात, महापालिका असते, वीज कंपनी असते. त्या बैठकीत 'पुढच्या दोन आठवड्यांचा तापमानाचा अंदाज काय आहे आणि तो असा असेल तर आपण काय बदलू' हा विषय पत्रिकेवर असायलाच हवा, असं सांगणारा नियम कुठे आहे? असा नियम असता, तर कुणा एका अधिकाऱ्याच्या शहाणपणावर किंवा धैर्यावर विसंबून राहावं लागलं नसतं. मोठ्या माणसांच्या कार्यक्रमात 'वेळ संध्याकाळची करा' असं सांगणं कनिष्ठ अधिकाऱ्याला किती अवघड असतं, हे प्रशासन जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. नियमाचा उपयोग तिथे होतो. तो माणसाच्या वतीने बोलतो.

२०२४ ची लोकसभा निवडणूक १९ एप्रिल ते १ जून अशी चालली. त्या वर्षी एप्रिल ते जून या काळात उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा बरेच जास्त असतील, असं हवामान विभागाने मोसमाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. निवडणूक आयोगाने हवामान विभागाशी उष्णतेवर बैठक घेतली ती पहिला टप्पा उरकल्यानंतर. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, आपल्या राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या आणि पालकांनी, शिक्षकांनी उन्हाचा मुद्दा काढला तेव्हा वेळापत्रक आधीच निघालेलं होतं. प्रत्येक वेळी तेच: निर्णय एका खोलीत होतो, अंदाज दुसऱ्या खोलीत असतो, आणि दोन्ही खोल्यांमधलं दार अंगावर आल्यावर उघडतं.

यावर नेहमी येणारा आक्षेप मला मोडीत काढायचा नाही, कारण तो खरा आहे. लोक म्हणतात, हवामान खात्याचा उद्याचा अंदाज चुकतो, तुम्ही पंधरा दिवसांपुढचं काय सांगता? आणि चुकला, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल?

इथे थोडा हिशेब करायला हवा. पुन्हा मामांच्या शेडवर येऊ. समजा, शेडला बाजूने प्लास्टिकचा कागद लावायला, दोऱ्या आणि मजुरी धरून, पाच हजार रुपये पडतात. समजा, कागद नसताना पाऊस आला तर पन्नास हजारांचा फटका बसतो. आणि समजा, दर वेळी 'पावसाची शक्यता तीस टक्के' असं सांगणारा अंदाज दहा वेळा आला. दहाही वेळा कागद लावला तर खर्च पन्नास हजार. दहापैकी तीन वेळा पाऊस येणार, म्हणजे दीड लाखाचं नुकसान वाचलं. हातात लाख रुपये राहिले. पण सात वेळा पाऊस आला नाही! गावात बसून बघणाऱ्याला वाटेल, अंदाज सात वेळा खोटा ठरला. वही उघडून बघणाऱ्याला दिसेल, तो शेतकऱ्याला लाखाने तारून गेला. खर्च नुकसानीच्या एक-दशांश असेल, तर शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की कागद लावणं शहाणपणाचं. हाच माणूस घड कच्चे असताना उतरवायचे की नाही हे ठरवत असेल, तर तिथे चुकीची किंमत मोठी आहे; गोडी गेली की वर्ष गेलं. त्या निर्णयाला तीस टक्के पुरत नाहीत, साठ-सत्तर लागतात. म्हणजे अंदाज 'खरा की खोटा' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या कामासाठी किती शक्यता पुरेशी, हे ज्याचं त्याने, ज्या-त्या कामासाठी ठरवायचं असतं.

सरकारी कामांनाही हेच लागू आहे. शाळा सकाळची करायला जवळपास काही खर्च येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस आणि सलाईनचा साठा दोन आठवडे आधी वाढवला आणि लाट आली नाही, तर तो साठा पुढच्या महिन्यात वापरला जातो. मजूर अड्ड्यांवर, बस स्थानकांवर, बाजार समितीच्या आवारात सावली आणि पाणी ठेवलं आणि ऊन कमी पडलं, तरी कुणाचं बिघडत नाही. ही कामं चाळीस टक्के शक्यतेवरही सुरू व्हायला हवीत. मोठा मेळावा पुढे ढकलणं महाग आहे. त्याला जास्त शक्यता लागेल, आणि तोवर निदान वेळ बदलणं, मंडप घालणं, वृद्धांना न आणण्याचं आवाहन करणं ही मधली पावलं आहेतच. अमेरिकेच्या हवामान सेवेचं एक केंद्र आठव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतच्या धोक्यांचा नकाशा काढतं आणि त्यावर वीस, चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्या दाखवतं. वीस टक्क्यांची पायरी नकाशावर छापायला ते लाजत नाहीत, कारण वीस टक्क्यांवर करण्याजोगंही काहीतरी असतं.

आपल्याकडे आकड्यांचं हे शहाणपण नाही असंही म्हणता येणार नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजना पाहा. द्राक्ष, आंबा, डाळिंब, केळी या पिकांसाठी त्यात 'ट्रिगर' लिहिलेले आहेत: अमुक काळात तापमान सलग काही दिवस ठरलेल्या अंशांच्या वर गेलं किंवा अमुक मिलिमीटर अवेळी पाऊस झाला, की भरपाई देय. महसूल मंडळांमध्ये राज्याच्या 'महावेध' प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, त्यांच्या नोंदींवर हे चालतं. त्या योजनेच्या अंमलबजावणीबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, पण कल्पना पाहा. एक आकडा आधी ठरवायचा, तो ओलांडला की पैसे हलवायचे, कुणाच्या मर्जीवर ठेवायचं नाही. नुकसान मोजायला आपण हे करू शकतो, तर नुकसान टाळायला का नाही? 'विस्तारित अंदाजात विदर्भात उष्णतेच्या लाटेची शक्यता इतक्या टक्क्यांवर गेली, की जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून अमुक रक्कम तालुक्यांना आपोआप वर्ग होईल', असं एक वाक्य शासन निर्णयात लिहायला कुठलंही नवं विज्ञान लागत नाही.

अहमदाबादने हे एका मोठ्या धक्क्यानंतर केलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिलाच. सात दिवसांपर्यंतच्या शक्यतांचा अंदाज घेऊन कोणत्या पातळीला कोणत्या खात्याने काय करायचं, हे त्यात ठरवलेलं होतं. रुग्णालयं, कामगार खातं, बागा उघड्या ठेवणं, पाणीवाटप. नागपूरनेही तो धडा घेतला. पण सात दिवसांवरून चौदा-वीस दिवसांवर जायचं पुढचं पाऊल आपण टाकलेलं नाही, आणि शहरांबाहेर, ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, रोजगार हमीच्या कामावर तर पहिलं पाऊलही नीट पडलेलं नाही.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. त्यात 'विस्तारित अंदाजानुसार' अशी सुरुवात होऊन पुढे वाक्य येतं: अमुक ते अमुक तारखेदरम्यान पाऊस सरासरीएवढा, कमाल तापमान सरासरीपेक्षा किंचित जास्त राहण्याची शक्यता आहे. हा अंदाज मराठीत, विद्यापीठाच्या नावाने, नियमित निघतो याचा मला आदर वाटतो. तो काढणारी माणसं कमी मनुष्यबळात काम करतात. पण 'किंचित जास्त' वाचून हळद कधी शिजवायची ते कसं ठरवणार? पुण्याच्या संगणकातून निघालेली शक्यता गावापर्यंत येता येता तिचा आकडा गळून जातो आणि उरतं एक गुळमुळीत विशेषण. शिवाय विस्तारित अंदाजाचा विभाग केवढा! आपल्या राज्याचे हवामानाचे चार उपविभाग: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. नंदुरबारचा मिरचीवाला आणि तासगावचा बेदाणेवाला दोघेही मध्य महाराष्ट्रातच मोडतात. एका वाक्यात दोघांची हवा कशी मावणार?

हे वाक्य उलगडून सांगणारा माणूस लागतो. असा माणूस होता. २०१८ नंतर देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. त्यातला हवामानतज्ज्ञ तालुक्याचं पीक, तिथली माती, तिथल्या काढणीच्या तारखा ओळखून असायचा. व्हॉट्सअॅपच्या गटांवर शेतकरी त्याला थेट विचारायचे. २०२४ च्या सुरुवातीला अशी १९९ केंद्रं बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुण्यात 'अर्क' हा नवा महासंगणक सुरू झाला आणि हवामान अंदाज सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या दोन हजार कोटींच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी मिळाली. महासंगणक हवाच. मोठ्या गणिताशिवाय चांगली शक्यता निघत नाही आणि २०२५ च्या मेमध्ये आलेली नकाशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून अंदाज काढणारी भारत फोरकास्ट सिस्टीम ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण एकीकडे विहीर खोल करायची आणि दुसरीकडे पोहऱ्याचा दोर कापायचा, याला काय म्हणावं?

त्या रिकाम्या जागी कोण आलं ते गावोगाव दिसतं. 'चौदा तारखेला लातूर, पंधराला परभणी, सोळाला जालना, पाऊस पडणारच' असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात. त्या पाहणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी रात्रभर थांबतात. पिढ्यान् पिढ्या थांबत आलेत. त्यात विज्ञान नाही, पण एक गरज नक्की आहे: पुढचे दिवस कसे असतील हे कुणीतरी समोर बसून, आपल्या भाषेत, आपल्या पिकाचं नाव घेऊन सांगावं. शास्त्राने ती जागा मोकळी सोडली, तर ती मोकळी राहणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गुरुवारच्या अंदाजात शक्यतेचा आकडा गावापर्यंत जाऊ द्या. मराठी माणसाला टक्के कळतात, तो बाजारात रोज टक्क्यांतच बोलतो. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने मार्चच्या आधी लिहून काढावं की कुठल्या टक्क्याला कुठलं पाऊल, आणि ते कार्यालयाच्या फळ्यावर लावावं. फेब्रुवारी ते मे या काळातल्या प्रत्येक मोठ्या मेळाव्याच्या परवानगीच्या अर्जावर विस्तारित अंदाजाची प्रत जोडणं सक्तीचं करावं. आणि मोसम संपल्यावर हवामान विभागाने उपविभागवार जाहीर करावं, की सत्तर टक्के म्हटलं तेव्हा दहापैकी किती वेळा तसं झालं. ज्या अंदाजाचा हिशेब उघड असतो, त्याच्या चुकाही माणसं पोटात घालतात. कृषी विज्ञान केंद्रातला तो माणूस परत यावा, हे तर पहिलंच.

गेल्या हंगामात मामांनी मला फोन करून विचारलं, 'गुरुवारचं काय आलंय गं?' मी नकाशा उघडला. पहिला आठवडा कोरडा दिसत होता, दुसऱ्यात आपल्या बाजूला पाऊस सरासरीपेक्षा जास्त. किती खात्री, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रंग फिकट आहे, म्हणजे तेवढं ठाम नाही. निम्म्याच्या जरा वर धरा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वरच्या तुकड्यात गोडी आलीय, तो उद्या उतरवतो. खालचा राहू दे अजून दहा दिवस.